आजीची बोलती बंद

आमच्या घरात एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलायचं नाही, असा नियम झाला होता. भांडणातून झाला असता तर मला समजलं असतं. माझ्या माहेरी पुण्यात दोन जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नसत आणि तरी एकाच कुकरमधला भात खात. पण इथे बंगळूरला, के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आजीने नातीशी बोलायचं नाही असं ठरलं ते म्हणे प्रेमापोटी, आणि मुलीच्याच भल्यासाठी. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सुरुवात खोलीपासून झाली. मुलगी व्हायच्या आधीच नवऱ्याने तिची खोली सजवायला घेतली. तो सरकारी कंपनीत संशोधन करतो, त्यामुळे घरात खिळा ठोकायचा तरी आधी वाचन होतं. कुठल्या रंगाच्या भिंतीत बाळ शांत झोपतं हे त्याने वाचलं आणि फिकट राखाडी रंग लावून घेतला. त्यावर पांढरे ढग, कोपऱ्यात उंची मोजायचा जिराफ, दाराशी इंग्रजी अक्षरांची रांग. मला तो रंग नव्या फ्लायओव्हरसारखा दिसायचा. पण आठव्या महिन्यात, पोट पुढे घेऊन, भिंतीच्या रंगावरून कोण भांडणार.

मग सासूबाई निपाणीहून आल्या. येताना जुन्या लुगड्यांची दुपटी आणली, आणि पाळण्यावर टांगायला स्वतः शिवलेल्या चिंध्यांच्या चिमण्या. लाल, पिवळ्या, पोपटी, पोटात कापूस भरलेल्या, एकीखाली एक ओवलेल्या. नवऱ्याने त्या हातात घेऊन वरखाली बघितल्या आणि म्हणाला, "छान आहेत गं आई, पण थीममध्ये बसत नाहीत." थीम म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. चिमण्या परत पिशवीत गेल्या. मी त्या काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगल्या, आणि आमची लेक पुढे त्या राखाडी खोलीत कमी आणि त्या खिडकीखाली जास्त वाढली.

याला कारणही होतं. मी बोम्मसंद्राला एका कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे भाग बनवायचे साचे, डिझाइन करते. सकाळी टिन फॅक्टरीच्या थांब्यावर कंपनीची बस पकडायची आणि रिंग रोडवर जन्म घालवून संध्याकाळी परत यायचं. पोरगी दिवसभर सासूबाईंकडे. आणि सासूबाई म्हणजे अखंड बोलणं. कणीक मळताना, भाजी निवडताना, पोरीला न्हाऊ घालताना त्यांचं तोंड चालूच. निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि मध्ये मध्ये कानडी शब्द पेरतात. "बघ की गं, कुकर कसा वरडायलाय. त्याला म्हण, स्वल्प थांब की बाबा, मी येतो." समोरच्या दारातल्या कानडी अक्कांशी त्यांचं कानडीत चालायचं, तेही पोरीला कडेवर घेऊन. पोरगी एकदा हिच्या तोंडाकडे बघायची, एकदा तिच्या.

पण ती बोलत नव्हती. दुसरा वाढदिवस झाला, पावसाळा आला, तरी नाही. समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, तीसुद्धा ज्याची त्याला. खिडकीत कावळा बसला की सासूबाई म्हणायच्या, "कोण आलाय गं?" आणि ती मान वर करून म्हणायची, "का." एवढाच एक आवाज, पण तो तिचा होता आणि नेमका होता. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी तोच ऐकायला धावत घरी यायचे.

आम्ही तिचे कान तपासून घेतले. कान उत्तम होते. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या, त्यांनी पोरीशी बराच वेळ खेळून सांगितलं, की हिच्याशी भरपूर बोला, भाषा कुठलीही चालेल, आणि सहा महिन्यांनी परत आणा. इतकं सोपं उत्तर माझ्या नवऱ्याला पटलं नाही. अवघड असल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नाही.

त्याला पटलं ते, पुढच्या वर्षी पोरीला जिथे घालायचं होतं, त्या प्लेस्कूलच्या मॅडमचं. त्या मॅडमनी आम्हाला गुबगुबीत खुर्च्यांवर बसवलं, रंगीत तक्ता दाखवला आणि विचारलं, घरात किती भाषा. मराठी आमची, कानडी शेजारची आणि सासूबाईंची, हिंदी कामवालीची, इंग्रजी शाळेची. मॅडमनी हळहळून मान हलवली. मूल गोंधळून जातं म्हणाल्या. एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा, कारण पुढे तीच लागणार. मी म्हटलं, हिच्या आजीला इंग्रजी येत नाही आणि दिवसभर ही तिच्याजवळ असते. मॅडम इतकं गोड हसल्या की काय सांगू. "मग आजींनी थोडे दिवस कमी बोलावं," त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्या बसल्या मी भांडायला सुरुवात केली. "तुझी आई गप्प बसली तर पोरीने दिवसभर ऐकायचं कुणाचं?"

"टॅब आहे," नवरा म्हणाला.

माझ्या आयुष्यात मी बरीच मूर्ख वाक्यं ऐकली आहेत, कारखान्यातच ऐकते. पण हे दोन शब्द वेगळे. मी बोलत राहिले, तो गाडी चालवत राहिला, आणि सिग्नलला म्हणाला, "सहा महिने करून बघू. नाही झालं तर तुझं खरं. पण करूनच नाही बघितलं आणि उद्या काही निघालं तर?" भीती वाटली की माणूस अर्धं हो म्हणतो, तसं मी म्हटलं. त्याने ते पूर्ण धरलं.

त्या संध्याकाळी त्याने सासूबाईंना समोर बसवून समजावलं. अगदी हळू, आदराने, ऑफिसातल्या ज्येष्ठांना समजवावं तसं. त्याचाच मला जास्त राग आला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता उसळतील, निपाणीच्या बाजारात भाजीवाल्याला फोडून काढणारी बाई आहे ही. त्या म्हणाल्या, "सरी." कानडीत बरं म्हणतात तसं. आणि गॅस बारीक करायला उठून गेल्या.

नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, तुम्ही काहीच कसं म्हणाला नाहीत. भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "शिकलेली माणसं सांगायलीत. लेकराचं भलं हुणार असंल तर माझ्या तोंडाचं काय एवढं."

आणि मग त्यांनी तो नियम असा पाळला की बस. आम्ही दोघं चुकायचो, धांदलीत मराठीत ओरडायचो. त्या कधी चुकल्या नाहीत. नवऱ्याने त्यांना पाच इंग्रजी शब्द शिकवले होते. कम, सिट, ईट, नो, गुड. माणूस कुत्र्याशी बोलतो तेवढे. तेवढ्यावर त्या दिवस काढायच्या. अक्कांशी दारातल्या गप्पाही बंद केल्या, कारण कडेवर पोरगी असायची. अक्कांना वाटलं आपलंच काही चुकलं. त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, अम्मा रागावल्यात का. मी काय सांगणार होते? त्यांना बोलायची बंदी आहे, असं?

कपाटावर, खिडकीवर, फ्रिजवर इंग्रजी शब्दांची कार्डं आली. मी घरी यायचे तेव्हा टॅबवर कुणीतरी परदेशी बाई टाळ्या वाजवून गात असायची, पोरगी तिच्यासमोर मांडी घालून बसलेली, आणि सासूबाई तिच्या मागे भिंतीला टेकून. दोघी टॅबकडे बघत. घरात इतका आवाज असायचा आणि तरी कुणी बोलत नसायचं.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला सासूबाईंनी पोरीला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. मागच्या वर्षी हेच करताना त्यांनी तिला नरकासुराची सगळी कथा ऐकवली होती, निपाणीतल्या चार शेजारणींच्या कागाळ्या मध्ये घालून. या वर्षी नुसते हात फिरत होते. पोरीने दोनदा मागे वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मी टॉवेल धरून उभी होते आणि मला रडू आलं. नवरा फोटो काढत होता.

मग एका रविवारी खिडकीत कावळा बसला. चांगला मोठा, मानेभोवती राखाडी पट्टा असलेला. मी पोरीला उचललं, म्हटलं, "कोण आलाय गं?" तिने कावळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली उतरायला धडपडली. 'का' नाही. मी परत विचारलं. नाही. होतं नव्हतं ते एक अक्षर, तेही गेलं होतं. मी नवऱ्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "ट्रान्झिशनमध्ये असं होतं." मी त्याला म्हटलं, की तू एकदा आपल्या पोरीकडे बघ आणि मग बोल. तो म्हणाला, मी रोज बघतो. असं आमचं चाललं होतं, आणि दुसऱ्या खोलीत सासूबाई ऐकत होत्या आणि ब्र काढत नव्हत्या.

संक्रांतीला बोरन्हाण करायचं ठरलं. ते मात्र नवऱ्याने थाटात काढलं. खालचा पार्टी हॉल घेतला, काळे-पांढरे फुगे लावले, फोटोवाला बोलावला, ऑफिसातली माणसं बोलावली आणि प्लेस्कूलच्या मॅडमनाही बोलावलं. माझ्या आईने पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते. सासूबाईंनी बाजारातून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणले, कुरमुरे चाळून घेतले. अक्का एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या तिळगुळाच्या, पुड्या घेऊन आल्या. त्यांच्यातही संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावर बोरं घालतात, त्यामुळे त्यांना काही समजवावं लागलं नाही. हॉलमधल्या बाकी अर्ध्या लोकांना नवरा इंग्रजीत समजावत होता, की हे ऋतू बदलतो म्हणून असतं आणि यामागे विज्ञान आहे.

काळा फ्रॉक, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, अशी पोरगी चौरंगावर बसवली. समोर ओळीने मुलं, खाली पडलेलं लुटायला टपलेली. मानाने पहिली वाटी सासूबाईंची. त्या पुढे आल्या, वाटी तिच्या डोक्यावर हळूच उपडी केली. तोंडातून अक्षर नाही. इतकी वर्षं गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या बोरन्हाणाला पुढे होऊन मोठमोठ्याने बोलणारी ही बाई, स्वतःच्या नातीच्या वेळी भिंतीसारखी गप्प. कुरमुरे सांडले, बोरं टपटप पडली, मुलांनी एकदम झडप घातली, आणि पोरगी घाबरली.

ती अशी रडली की हॉल घुमला. कानांवर हात, डोळे मिटलेले. फोटोवाला खुळखुळा हलवून 'लुक हिअर बेबी' करत होता. नवरा गुडघ्यांवर बसून 'इट्स ओके, इट्स ओके' म्हणत होता. मॅडम 'ब्रेव्ह गर्ल' म्हणत होत्या. मी तिला घ्यायला पुढे झाले तर तिने मलाही ढकललं आणि दोन्ही हात सासूबाईंकडे पसरले. त्यांनी तिला उचललं. छातीशी धरलं, डोलवलं, पाठ थोपटली. पोरगी रडता रडता त्यांच्या ओठांना बोटं लावत होती, ते उघडायला बघत होती. ओठ मिटलेलेच. आणि मग सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर, पंगतीत भीत भीत मीठ मागावं तितक्या हळू त्यांनी मला विचारलं, "जरा बोलू काय हिच्याशी?"

मला त्या क्षणी जो राग आला तसा राग मला आयुष्यात कधी आलेला नाही. नवऱ्याचा आला, त्या मॅडमचा आला, राखाडी भिंतीचा आला. आपलं लेकरू आपल्या खांद्यावर ऊर फुटेस्तोवर रडतंय आणि सत्तरीच्या बाईला परवानगी मागावी लागते, तीही माझ्याकडे. मी म्हटलं, "बोला. काय वाटेल ते बोला, हवं त्या भाषेत बोला, आणि परत कुणाला विचारू नका." माझा आवाज चढला होता.

सासूबाई तिच्या कानाशी लागल्या. "कोण मारलं माझ्या बाईला? बोरं मारली? थांब, त्या बोरांना मी बघतो. मीठ लावून खातो त्यास्नी." असलंच काहीतरी. इतक्या महिन्यांचं साठलेलं, भरभर, कानडी-मराठी एक करून. पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. तिने मान मागे घेऊन त्यांचं हलणारं तोंड बघितलं आणि बघतच राहिली. मॅडम म्हणाल्या, "सो स्वीट." मी त्यांच्याकडे बघितलं तशा त्या तिळगूळ घ्यायला वळल्या.

वर घरी आल्यावर नवरा पोरीच्या खोलीच्या दारातच मला म्हणाला, "सगळ्यांसमोर शोभा केलीस माझी." मी म्हटलं, शोभा तू केलीस, मी फक्त तोंड उघडलं. आम्ही दोघं आणखीही पुष्कळ बोलणार होतो, पण आत सासूबाईंनी पलंगावर पिशवी काढली होती आणि लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. पोरगी खाली बसून हलव्याचा हार चाटत होती.

"मी उद्याच्या गाडीनं निपाणीला जातो," त्या म्हणाल्या. "रागानं न्हाई." मग हातातली घडी पलंगावर आपटली. "रागानंच. कशाला खोटं बोलू. तिथं मी भिंतीशी बोललो तरी कोण आडवत न्हाई."

नवऱ्याचा चेहरा पडला. "आई, हे सगळं तिच्यासाठी चाललंय ना. एवढी मोठी झाली तरी बोलत नाही. तुला काळजी नाही वाटत?"

"कसली काळजी? तू तरी कुठं बोलत होतास?"

"म्हणजे?" तो म्हणाला. मीही.

"तीन वर्सं सरली तवा तोंड उघडलास," सासूबाई म्हणाल्या. "तवर निस्ता बोट दावायचास. तुझ्या बाबांनी देव सोडला न्हाई की डॉक्टर सोडला न्हाई. मी म्हटलो, कानानं ऐकतोय, डोळ्यानं बघतोय, बोलंल तवा बोलंल. आणि मी आपला बोलत ऱ्हायलो तुझ्याशी. दुसरं काय केलो न्हाई."

"मग हे इतके महिने सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. मी ओरडलेच बहुतेक.

"लेकाचं उणं सुनंच्या म्होरं कशाला काढायचं?" त्या माझ्यावरच उखडल्या. "आणि मला कोण इचारलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला आठवलं, डॉक्टरीणबाईंनी हा प्रश्न सरळ विचारला होता, घरात आधी कुणी उशिरा बोललेलं आहे का. नवऱ्याने ठामपणे 'नाही' सांगितलं होतं. जणू काही त्याला स्वतःचं बाळपण पाठ होतं. त्याची आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलवायचं त्याच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

नवरा पलंगाच्या कडेला बसला. लहान आवाजात त्याने विचारलं, "मग मी पहिलं काय बोललो होतो, आई?"

"ते ध्यानात न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "एकदा सुरू झालास ते अजून थांबलेला न्हाईस. दुसऱ्याला बोलायला जागा कुठं ठेवतोस?"

मग त्यांनी पोरीला ओढून मांडीवर घेतलं, तिच्या केसांतले कुरमुरे एक एक करून काढायला लागल्या, आणि समोरच्या अक्कांच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात तिला सांगायला लागल्या, की तुझा बाप कसा मुका होता, कसा सगळ्या गल्लीला घोर लावला होता, आणि हरभरे नाकात घालून घेतले तेव्हासुद्धा कसा बोलला नाही. पोरगी त्या दिवशी काही बोलली नाही, पुढेही कितीतरी दिवस बोलली नाही. पिशवी अर्धी भरलेली तशीच पलंगावर होती. नवरा मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्याकडे बघून मला जरा दया यायला हवी होती, पण मला अजून त्याचा रागच येत होता.